चेंबरचा जिना

परवा भाच्याने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. रविवार कारंज्याजवळची एक जुनी व्यापारी इमारत आतून नवी करून ऑफिसांसाठी भाड्याने द्यायची आहे. खाली नकाशा होता आणि इमारतीच्या चहूबाजूंनी नावं होती: मेन रोड, सराफ बाजार, सरकारवाडा, दहीपूल, फुलबाजार, शालिमार, पलीकडे रामकुंड आणि पंचवटी. प्रत्येक नावापुढे चालत किती मिनिटं लागतात तेही दिलेलं. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'इमारतीतच जागृत दत्त मंदिर.' भाचा म्हणाला, "मावशी, तू लहानपणी इथंच राहायचीस ना?" मी म्हटलं, "हो. त्या मंदिरात नारळ ठेवतात ना, तिथं आमची चूल होती." त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मी मोबाइल त्याला परत दिला आणि उगाचच हात धुऊन आले.

ती इमारत बांधायला माझा बा पेठ तालुक्याच्या बाजूने आला होता. विटा वाहिल्या, मग थापी हातात घेतली, गिलावा शिकला. इमारत उभी राहिल्यावर मालकाने त्यालाच राखणीला ठेवून घेतलं. बाचं नाव लहानू. राहायला जिन्याखालची खोली दिली. तिचं छप्पर म्हणजे जिन्याचीच उतरती खालची बाजू, त्यामुळे एका कोपऱ्यात उभं राहता यायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात बसूनच सरकावं लागायचं. आई, म्हणजे चांगुणा, त्या बसक्या बाजूला चूल मांडायची. इमारतीला पाटीवर मोठं नाव होतं, पण बाजारातले सगळे तिला नुसतं 'चेंबर' म्हणत. मीही शाळेत पत्ता सांगताना तेच सांगायचे. सकाळी पहिला कारकून जिना चढला की आमच्या डोक्यावर धप धप सुरू व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. पावलांवरून मला माणूस ओळखता यायचा.

नकाशावाल्याने वास लिहिलेले नाहीत, म्हणून ते मी लिहिते. चेंबरच्या पुढच्या अंगाला कारंजा. त्यातून पाणी उडताना मी कधी पाहिलं नाही, कडेला चिखल आणि भेळेचे कागद मात्र कायम असत. एका हाताला भांडी बाजार, तिथली ठोकाठोक दिवसभर कानात बसलेली. तिथून उतार सुरू होतो तो सराफ बाजाराकडे. सोनार तेजाबात सोनं उकळत, त्याचा पिवळा झणका घशात जाऊन बसायचा. आणि त्याच सोनारांच्या दुकानांपुढच्या गटारीत झारेकरी वाकून बसलेले, गाळ पाटीत घेऊन धूत, त्यातला सोन्याचा कण शोधत. पुढे फुलबाजार. लोकांना फुलबाजार म्हटलं की सुगंध आठवतो. मला आठवतो पायाखाली कुजलेला झेंडू, त्याचा चिकट काळा लगदा, चपलेला लागला की घरापर्यंत येणारा. त्याच्याही खाली गंगा. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. तिच्यात एका पायरीवर अस्थी सोडत, दुसऱ्या पायरीवर धुणी बडवत, आणि तिसऱ्या पायरीवरून बाहेरगावचे भाविक कॅन भरून घरी नेत. गच्चीवरून हे सगळं एका नजरेत दिसायचं. पाहुणे आले की बा त्यांना मोठ्या कौतुकाने गच्चीवर नेऊन देवळांचे कळस दाखवायचा. मी कळसांकडे कधी फारसं बघितलंच नाही, माझं लक्ष खालीच असायचं.

चेंबरच्या पाठीमागे एक बोळ होता. सगळा बाजार त्या बोळात मुतायचा. आमच्या खोलीची एकुलती एक खिडकी त्याच बोळात उघडायची, म्हणजे उघडत नव्हती. बाने तिला पत्रा ठोकला होता. उन्हाळ्यात पत्रा तापला की वास आत शिरायचा आणि आम्ही भाकरीचा घास नाक बंद करून गिळायचो. मला अजून कुणी 'जुन्या नाशकाची मजा' असं म्हणालं की मी विषय बदलते. आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत हेरिटेज वॉकचं पत्रक आलं होतं, तेव्हा शेजारीण मला घेऊन जायला फार मागे लागली. मी तिला म्हटलं, तू जा, येताना चप्पल बाहेर काढून ये.

पण खरी घाण बाहेर नव्हती, जिन्यावर होती. चेंबरमध्ये वकील होते, विमावाले होते, दोन डॉक्टर, एक जमिनीचे व्यवहार करणारे, एक शिकवणी वर्ग. सगळे शिकलेले, पांढऱ्या सदऱ्यातले, आणि बहुतेक सगळे थुंकायचे. जिन्याच्या प्रत्येक वळणावर कोपरा लाल. खालून वर जाताना पान तोंडात टाकायचं आणि पहिल्या वळणावर पिंक मारायची, अशी रीतच होती. त्यात सगळ्यांत पुढे होते पहिल्या मजल्यावरचे वकीलसाहेब. ते चेंबरच्या कमिटीचे अध्यक्ष. माणूस बोलायला गोड, शाळेतून येताना दिसले की "काय सुमन, अभ्यास झाला का?" असं विचारायचे, आणि उत्तर ऐकायच्या आधी मान वळवून जिन्याच्या पायथ्याच्या कोपऱ्यात पचकन थुंकायचे. तो कोपरा आमच्या दाराला लागूनच होता. आमच्या उंबऱ्यावर लाल शिंतोडे असायचे, आणि आई रांगोळी काढायची ती ते पुसून झाल्यावर.

आई रोज पहाटे जिना धुवायची. तरी सकाळी वर जाता जाता वकीलसाहेबांचा आवाज यायचाच, "चांगुणा, कोपरा राहिलाय, धुऊन घे!" ओली थुंकी पाण्याने जाते, वाळलेली जात नाही. ती पत्र्याच्या तुकड्याने खरवडावी लागते आणि खरवडताना तिची भुकटी उडते. आई पदर नाकाला बांधायची. मी बादली धरायचे. पाणी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर गुलाबी होत उतरायचं. त्यात सुपारीचे तुकडे, चुन्याच्या गुठळ्या, कधी कुणाचा बेडका. एकदा मला तिथंच उलटी झाली आणि आईने तीही धुतली. मग ती हात राखेने घासून भाकरी थापायला बसायची. मला त्या हातांची भाकरी खाववत नसे. भूक लागायची म्हणून खायचे. आज ते आठवलं की माझीच मला किळस येत नाही, त्या पांढऱ्या सदऱ्यांची येते.

तरी आमच्या घरात चांगलं असं काही नव्हतं असं नाही. नागलीची भाकरी, उडदाचं वरण, आणि बुधवारी सुकट. बुधवारचा बाजार गंगेच्या काठावर भरतो, तिथून आई सुकट आणायची. तव्यावर कोरडी भाजायची, मग लसूण, मिरची, जरासा कांदा. तो वास सुटला की बोळाचा वास हरायचा. बा त्या दिवशी खुशीत असायचा आणि जेवताना पेठच्या नदीतल्या खेकड्यांच्या गोष्टी सांगायचा. दुपारी आई फुलबाजारातल्या अंजनाबाईसाठी हार ओवायची. अंजनाबाई मखमलाबादची माळीण, स्वतःच्या मळ्यातली फुलं घेऊन रोज यायची. तिला आईच्या हातचा हार आवडायचा. ती आली की दारातच फतकल मारून बसायची आणि कोपऱ्याकडे बघून म्हणायची, "चांगुणे, तुझ्या दारात ह्यांनी लालभडक हळदीकुंकू सांडलंय गं!" आई हसायची. मला हसू येत नसे.

उपाय बालाच सुचला. कुठल्याशा दवाखान्यात त्याने जिन्याच्या कोपऱ्यांत देवांच्या चित्रांच्या फरश्या बसवलेल्या पाहिल्या होत्या. तिथं कोपरे स्वच्छ होते. बा गंजमाळच्या दुकानातून तशा फरश्या घेऊन आला. वकीलसाहेबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बसव की. चांगली कल्पना आहे, लोकांना शिस्त नाही हेच खरं." आणि पहिल्या वळणावर थुंकून वर गेले. बाने रविवारी सुट्टी बघून फरश्या बसवल्या. वरच्या मजल्यांवर त्याने सगळ्या धर्मांची चित्रं लावली, कुणाची तक्रार नको म्हणून. आमच्या दाराजवळच्या कोपऱ्यात दत्त. तीन तोंडं, मागे गाय, पायाशी कुत्री. त्याने ती फरशी ओळंबा लावून बसवली, सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले, कडा ओल्या फडक्याने पुसल्या आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. आईने तिला हळदीकुंकू लावलं नाही. ती म्हणाली, "देवाला असल्या कामाला लावलं तुमी." बा म्हणाला, "तुझे हात तर सुटले ना?"

सुटले, हे खरं. वरच्या मजल्यांवर मंडळी हुशार निघाली. फरशी जिथं संपते तिथून वीतभर बाजूला थुंकू लागली. पण खालचा कोपरा दत्तामुळे पांढरा राहिला. कित्येक दिवस आई तिथून जाताना नुसता हात फिरवून बघायची. दुपारची ती पहिल्यांदाच जराशी आडवी होऊ लागली. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग कुणीतरी कोर्टात जाताना दत्ताला हात जोडले आणि तो खटला जिंकला. वकीलसाहेबांचाच पक्षकार. त्याने नारळ आणला. दुसऱ्याने उदबत्तीचं घर चिकटवलं. पंचवटीतले एक गुरुजी कामासाठी वर जात होते, ते थांबले, डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले की ही जागा जागृत आहे. ज्या कोपऱ्यात कालपरवापर्यंत पिंक पडत होती तो जागृत कसा झाला, हे विचारायला कुणीच नव्हतं. दर गुरुवारी आरती सुरू झाली. टाळ, घंटा, पेढे. आरती म्हणायला वकीलसाहेब सगळ्यांच्या पुढे, तोंडातलं पान रस्त्यावर थुंकून आलेले. फरशीभोवती लाकडी चौकट आली, चौकटीवर लाल दिवे, पुढे पितळी कठडा. कठड्यामुळे आमचं दार अर्धंच उघडू लागलं. रिक्षावाले 'चेंबर' म्हणणं सोडून 'जिन्यातला दत्त' म्हणू लागले, आणि माणसं तोच पत्ता सांगून येऊ लागली. आमच्या दारात चपलांचा ढीग. घरी यायचं तर मला परक्यांच्या चपला पायाने सारून वाट करावी लागायची.

एका बुधवारी आईने तवा ठेवला आणि दारावर टकटक झाली. वकीलसाहेब रुमाल नाकाला लावून उभे होते.

"लहानू, अरे वास काय हा? देव आहे इथे."

बा म्हणाला, "सुकट हाय, साहेब. दर बुधवारी असती."

"आता नको. माणसं लांबून येतात दर्शनाला, त्यांना कसं वाटेल?"

बाने मान हलवली. आईने तवा उतरवला. त्या दिवसापासून आमच्या घरात मासळी शिजली नाही. मी आईला म्हटलं, बोळातून इतका वास येतो तो देवाला चालतो का? ती म्हणाली, "तो वास मोठ्या लोकांचा हाय."

त्यानंतरचं लिहायला मला आता लाज वाटत नाही, राग येतो. मला नुकतीच पाळी सुरू झाली होती. पाळीचे कपडे गच्चीवरच्या दोरीवर वाळत घालायचे, वरून दुसरं धडपं टाकून. गच्चीवर कारकून विड्या ओढायला जात. त्यांनी ते धडपं उचलून बघितलं असणार, नाहीतर कळायला काही मार्ग नव्हता. दत्तजयंती जवळ आली होती. वकीलसाहेबांनी बाला वर बोलावलं नाही, ते स्वतः खाली आले, आणखी दोघंतिघं घेऊन. मी आत पुस्तक घेऊन बसले होते. दार अर्धं उघडं होतं, शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

"हे बघ लहानू, गैरसमज करून घेऊ नकोस. आता तुझी मुलगीही मोठी झाली. घरात दोन बायका. ते दिवस असताना देवासमोरून ये-जा बरी नाही. बाहेर पडायला तुम्हाला दुसरं दार नाही. तेव्हा दर महिन्याला तेवढे दिवस दोघींनी कुठेतरी राहावं. नाही जमलं तर खोली सोडा. देवस्थानाला सामान ठेवायला जागा लागतेच आहे. काम तुझं चालू राहील."

चार पुरुष माझ्या दाराशी उभे राहून माझ्या अंगाबद्दल बोलत होते. बाहेर जाऊन त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर ओकावं असं वाटलं.

बाने दोन्ही हात जोडले. मग म्हणाला, "पोरीला पेठला धाडतो, साहेब. तिच्या आत्याकडं. तिथंच ऱ्हाईल. हिचं तेवढं दिस कुठंतरी बघतो."

पेठला गेले की शाळा संपली, हे मला लख्ख कळत होतं. आत्याच्या गावात शाळा चौथीपर्यंत, आणि मुली त्याही आधी भात लावायला जायच्या, नाहीतर दिवाळीनंतर आईबापांबरोबर द्राक्षाच्या बागांवर. बाचा दोष नव्हता असं मी म्हणणार नाही. त्याने स्वतःच्या हाताने ओळंब्यात बसवलेल्या फरशीसमोर तो हात जोडून उभा होता आणि मुलगी देऊन खोली वाचवत होता.

आई हार ओवत होती. तिने सुई हारात खोचून ठेवली आणि दारात आली. ती वकीलसाहेबांशी याआधी कधी बोलली होती का, मला आठवत नाही.

"साहेब, एक विचारू? इतकी वर्सं तुमची थुंकी मी या हातांनी काढली. त्या दिवसांतबी काढली. तवा कुनाला इटाळ झाला नाय?"

"बाई, तोंड सांभाळून बोला. देवाच्या दारात आहात."

"माझ्या दारात हाय मी. देव मागून आला."

बा म्हणाला, "चांगुणा, गप ऱ्हा."

"ऱ्हाते. पोरगी पेठला जाणार नाय. आन मी बी महिन्या-महिन्याला बिऱ्हाड डोक्यावर घेऊन फिरणार नाय. खोली घ्या तुमची."

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. बा एवढंच म्हणाला की जायचं कुठं. दुसऱ्या दिवशी आई फुलबाजारात गेली आणि अंजनाबाईकडून मळ्यातली खोली मागून आली. विहिरीवरच्या इंजिनाची खोली, डिझेलचा वास मारणारी, पण दोन्ही बाजूंना खिडक्या असलेली. मखमलाबादहून शाळेला बसने येता येणार होतं. बदल्यात आईने फुलं तोडायची. बाने आधी नाही म्हटलं, मग पेटी आवरायला घेतली.

आम्ही निघालो तो दिवस दत्तजयंतीचाच निघाला. मुद्दाम नाही, अंजनाबाईची गाडी त्याच दिवशी रिकामी परतणार होती. जिन्यासमोर मांडव घातला होता. चेंबरमधली झाडून सगळी मंडळी, त्यांच्या बायका, बाजारातले दुकानदार, सगळे टाळ्या वाजवत उभे. आरती संपत आली होती. बा खांद्यावर पेटी घेऊन पुढे झाला, लोकांनी अंग चोरून वाट दिली. माझ्या डोक्यावर भांड्यांचं बोचकं, आणि त्यात माझ्या पाळीचा दुसरा दिवस. सकाळपासून मी मान वर केली नव्हती. मला तिथून फक्त लवकर बाहेर पडायचं होतं.

आई कठड्यापाशी थांबली. म्हणाली, "सुमे, बोचकं खाली ठेव."

मी ठेवलं.

"नमस्कार कर. तुझ्या बाने बसवलाय त्यो."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अडचण हाय तुला, मला म्हाईत हाय. म्हणूनच सांगते. हात लाव आन मग चल."

टाळ्या थांबल्या. वकीलसाहेब "अहो, अहो" करत पुढे यायला लागले, पण मला हात धरून अडवायचं तर मला शिवावं लागणार होतं, ते कुणालाच करायचं नव्हतं. मी कठड्यावरून हात घातला आणि फरशीवर तळवा टेकला. तूप, कुंकू, उदबत्तीची राख, हार चिकटवलेला गोंद, पेढ्याचा चुरा. हात चिकट झाला. देव कुठं लागलाच नाही हाताला. मी तो परकराला पुसला, बोचकं डोक्यावर घेतलं आणि आईच्या मागे निघाले.

मागे एकच गलका उडाला. कुणी म्हणे गोमूत्र आणा, कुणी म्हणे गुरुजींना बोलवा, बायका मुलांना मागे ओढत होत्या. त्या सगळ्या आवाजांतून वकीलसाहेबांचा आवाज वर आला, रोज सकाळी यायचा तसाच.

"चांगुणा! अगं, निदान धुऊन तरी जा!"

आई तोवर रस्त्यावर पोचली होती.